केरातली विद्या

माझ्या सासूबाई शिवणाच्या मशीनवर बसण्याआधी चांगली पाच मिनिटं हात जोडून उभ्या असतात. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, देवाचं काहीतरी म्हणत असतील. कान देऊन ऐकलं तर भलतंच. "कात्रीला धार लावणारे दादा, नमस्कार. टेप वाचायला शिकवणारी शेजारीण, नमस्कार. ब्लाउज तोंडावर फेकून गेलेली डॉक्टरीणबाई, नमस्कार."

"आई, फेकून गेली तिला कसला नमस्कार?" मी विचारलं.

"अगं, तिच्यामुळेच तर काखेतली चुणी कशी घालवायची ते कळलं मला. गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकांनी काय शिकवलं?"

मी शाळेत गणित शिकवते. शिकवण्याबद्दल मला कोणी कधी नमस्कार केलेला नाही, त्यामुळे या प्रकाराचं मला आधी हसू आलं आणि मग जरा हेवाही वाटला. पुढे त्यांना मोबाइलवर फोटो पाठवायला शिकवलं तेव्हा माझीही यादीत वर्णी लागली. धारवाल्या दादांच्या खाली, पण लागली.

ही सवय त्यांना लावली प्रवचन सांगणाऱ्या एका आजींनी. गल्लीच्या टोकाच्या सभागृहात त्या दुपारी बोलत आणि सासूबाई मांडीवर हातशिलाई घेऊन ऐकत. दत्तगुरूंनी वारा, पाणी, मधमाशी असे चोवीस गुरू केले, हे आजींनीच सांगितलं. आणखी एक सांगितलं : ज्याच्याकडून घेतलं त्याला जाऊन सांगावं, मनातल्या मनात ठेवू नये. आजी गेल्या, पण सासूबाईंनी ते शब्द गाठीला बांधले. एकेकाचं दार वाजवून त्या नमस्कार करून आल्या. धारवाले दादा तर इतके लाजले की दुकान सोडून चहा सांगायला पळाले.

एकच नमस्कार राहिला होता, आणि तोच यादीत पहिला होता. तो मास्तरांचा.

मास्तर म्हणजे कोट शिवणारे नामांकित शिंपी. तरुणपणी सासूबाई त्यांच्याकडे काज-बटणाला होत्या. मास्तर कापड कापायचे ते पडद्याआड. पडदा ओढला की आत कोणी डोकावायचं नाही, एक घाव दोन तुकडे. पण संध्याकाळी केर काढायचं काम सासूबाईंचं. त्या टेबलाखालचे तुकडे पिशवीत भरून घरी आणत आणि जमिनीवर मांडत बसत. हा तुकडा बगलेचा, हा गळ्याचा, हा बाहीच्या डोक्याचा. तुकड्यांच्या मध्ये जी मोकळी जागा उरे, तो कोट. सासऱ्यांना घरात पाय ठेवायला जागा नसे. आठ वर्षं केर मांडून त्या कोट कापायला शिकल्या आणि स्वतःचं दुकान टाकलं.

आजींचं ऐकल्यावर त्या मास्तरांकडे गेल्या, सगळं खरं सांगितलं आणि वाकल्या. मास्तरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "कोणाला कळू नये म्हणून तर पडदा लावला होता मी. तू शिकलीस ते तुझं. मी शिकवलं नाही, त्याचा नमस्कार मी घेणार नाही."

दर वर्षी सासूबाई जात, दर वर्षी पाय खुर्चीखाली. रागाने नव्हे. मला वाटतं, त्या पडद्याची त्यांना लाज वाटत होती. पण सासूबाई घरी येत त्या पडलेल्या चेहऱ्याने. "त्यांनी घेतला नाही तर माझी विद्या चोरीचीच की गं," म्हणत.

या वर्षी मास्तरांच्या नातीचं लग्न ठरलं. हात थरथरतात म्हणून मास्तरांचं दुकान कधीच बंद झालेलं. त्यांनी निरोप पाठवला : माझा कोट तू शीव.

सासूबाईंना आनंदाने जेवण जाईना आणि धास्तीने झोप येईना. कापड कापायच्या दिवशी त्यांनी अख्खी यादी दोनदा म्हटली.

ट्रायलला मी मुद्दाम दुकानात थांबले. मास्तर आरशासमोर उभे राहिले. खांदा पाहिला, बाही वाकवून पाहिली, मान डोलावली. मग त्यांनी हात मानेमागे नेला. कॉलर आणि मान यांच्यामध्ये त्यांचं बोट सहज गेलं.

"कॉलर इथे उभी राहते," ते म्हणाले.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "ते मला कधीच जमलं नाही, मास्तर. तीस वर्षं इस्त्रीने दाबून वेळ मारून नेली."

मला वाटलं, संपलं सगळं.

"कॉलरच्या आतलं कापड कसं कापलंस?"

"उभंच. बाकी कोटासारखं."

मास्तर हसायला लागले. हसता हसता खाली बसले, डोळे पुसले. "अगं, ते उरेब कापायचं असतं. तिरकं. म्हणजे ताणलं जातं आणि मानेला धरून वळतं. आणि ते मी ताग्यातून काढतच नव्हतो. उरलेल्या मोठ्या तुकड्यातूनच काढायचो, आणि तो तुकडा खाली पडूच द्यायचो नाही. तुझ्या केरात ते यायचं कुठून?"

सासूबाई एक पाऊल पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "दाखवता?"

मास्तर टेबलापाशी आले. सासूबाईंनी उरलेल्या कापडाचा तुकडा पुढे केला. मास्तरांनी खडू धरला. रेघ इतकी थरथरली की मला बघवेना. पण तुकडा कसा फिरवायचा, कुठल्या कोपऱ्यातून कोन धरायचा, कुठे किती ताणायचं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सासूबाईंकडून वदवून घेतलं. चुकल्यावर "डोकं घरी ठेवून आलीस का?" असंही म्हणाले. साठी उलटलेल्या माझ्या सासूबाई शाळेतल्या मुलीसारख्या खूश. तासाभरात नवी कॉलर बसली. मास्तरांनी पुन्हा मानेमागे बोट नेलं. बोट शिरेना.

ते खुर्चीवर बसले. मग खाली वाकून त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय पुढे घेतले.

"कर आता," ते म्हणाले. "पण कॉलरपुरताच."

सासूबाईंनी पायांवर डोकं ठेवलं ते उचलेचनात. माझे डोळे भरून आले, आणि मी त्यातली नव्हे.

"एका कॉलरला एवढा वेळ लागतो होय?" मास्तर म्हणाले. पण पाय त्यांनी मागे घेतले नाहीत.