खंडेनवमीचे राहिलेले बोल्ट

विश्रामबागेतल्या माझ्या घरामागून मालट्रक गेला की पोळी लाटता लाटता माझा हात थांबतो. नवरा म्हणतो, "झालं, डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली." धरतेच मी. चढाला गाडी कण्हते आहे की नुसती कुरकुरते आहे, हे मला भिंतीपलीकडून कळतं, आणि त्यात माझं काही कर्तृत्व नाही. लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये, दोन सीटांच्या मधल्या इंजिनाच्या कोमट झाकणावर गोधडी टाकून मी झोपत असे. अजूनही डोळा लागता लागता ती थरथर पाठीखाली येते. मग कुठलाही रस्ता असो, तो आटपाडीकडेच चाललेला असतो.

वडील फौजेत ड्रायव्हर होते. तिथून सुटून कुंडलला आले तेव्हा ऊस काकांच्या हाती रुळला होता, म्हणून त्यांनी ट्रक घेतला. घरात कुणाला ताप आला तर ते "उतरेल" म्हणायचे आणि ट्रक नुसता खोकला तरी त्यांचं जेवण सुटायचं. त्या इंजिनाला हात लावायची परवानगी जगात एकाच माणसाला होती, माझ्या मामाला. मामाचं गॅरेज आटपाडीत, आईच्या माहेरच्या घराला लागूनच. त्यामुळे ट्रक छान पळाला की ते आईच्या माहेरचं पुण्य असायचं आणि बिघडला की कुंडलच्या रस्त्यांचा दोष. वडील हे सगळं ऐकून मिशीत हसायचे. भांडणात आईशी जिंकण्यापेक्षा घाटात गाडी रिव्हर्समध्ये चढवणं सोपं, असं ते म्हणत.

मी विश्रामबागेत कॉलेजला होते तेव्हाची गोष्ट. नवरात्रात वडिलांनी ट्रक आटपाडीला नेला. इंजिनाच्या पोटातली बेअरिंगं झिजली होती, ती बदलायची होती. डाळिंबाचा माल सुरू व्हायच्या आत काम उरकायचं, म्हणून मामा दोन दिवस ट्रकखाली उताणा पडून होता. तेलाचं चेंबर उतरवलेलं. पिस्टनला वरखाली नाचवणारे जे लोखंडी दांडे असतात, त्यांची खालची टोकं तो एकेक करून आवळत होता. मी आणि आई वडिलांबरोबर गेलो होतो. माझ्या आठवणीत ती सकाळ पिवळीच आहे. झेंडूचे ढीग, हळद, कडक ऊन, आणि सगळ्यावर डिझेलचा तो गोडसर वास.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. शेतकऱ्याचं खुरपं, सुताराचा रंधा, गॅरेजवाल्याचे पाने. एकदा पाटावर मांडली की दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांनाही सुट्टी. माहेरी आल्या आल्या आईनं पूजा मामीच्या हातातून काढून स्वतःकडे घेतली होती. पाने धुऊन पुसून पाटावर लागले, हळदकुंकू लागलं, पण सगळ्यांत मोठा पाना अजून ट्रकखाली मामाच्या हातात होता.

"आरं, भाईर ये की! येळ टळाय लागली!" आई ट्रकशी वाकून ओरडली.

खालून मामाचा आवाज आला, "आक्का, दोन बोल्ट ऱ्हायल्यात."

"देवीला सांग तसं. म्हणावं दोन बोल्ट ऱ्हायल्यात, जरा थांब."

मामा हसला. त्यानं ते बोल्ट बोटांनी फिरवून बसवले आणि पाना बाहेर काढला. आईनं तो त्याच्या हातातून ओढूनच घेतला, पदरानं पुसला आणि पाटावर ठेवला. आरती झाली. दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी माणसांची रीघ लागली, आपट्याच्या पानांचा सडा पडला. मामानं वडिलांच्या हातावर पानं ठेवली, "सोनं घ्या दाजी, सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणत वाकला. वडिलांनी त्याला उठवून मिठी मारली. ते दोघं असे एकमेकांना धरून उभे राहिलेले मला अजून दिसतात.

दसऱ्यानंतर मामानं पाने उचलले आणि चेंबर चढवलं. बोटांनी आवळलेला बोल्ट आणि पान्यानं आवळलेला बोल्ट डोळ्यांना सारखाच दिसतो.

इंजिन सुरू झालं ते अगदी शहाण्यासारखं. डाळिंबाचे क्रेट भरले, माल सांगलीचा, आणि मलाही कॉलेजला परतायचं होतं, म्हणून मी केबिनमध्ये बसले. आई दोन दिवसांनी येणार होती. आटपाडी मागं पडली. दोन्ही अंगांना माळ, त्यावर उन्हाची झिलई, मधूनच एखादी बाभळ. इंजिनाचा सूर इतका एकसारखा होता की मला डुलकी लागली. भिवघाटाच्या चढाला लागलो तेव्हा त्या सुरात काहीतरी टकटक करू लागलं. झोपेत मला वाटलं, कुणीतरी दार वाजवतंय, उठून कडी काढायला हवी. वडिलांनी झटकन ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, पण तेवढ्यात खालून असा दणका बसला की माझे पाय फळीवरून उडाले. मग सगळं गप्प झालं.

एवढी शांतता मी त्या ट्रकमध्ये कधी ऐकली नव्हती. वडील स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. समोरून मेंढरांचा एक कळप उतरत आला, ट्रकपाशी दुभंगला आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू वाहत गेला. घंटांचे आवाज, धूळ, लोकरीचा उग्र वास. मेंढक्यानं खाली वाकून बघितलं. रस्त्यावर काळं तेल पसरलं होतं. "तुमच्या गाडीनं आतडं टाकलं की वं," तो म्हणाला, आणि हळहळत कळपामागं निघून गेला. दांडा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड, फोडून बाहेर आला होता. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं.

निरोप मिळताच मामा मोटारसायकलवर आला. ट्रकखाली शिरला तो बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा त्याच्या तळहातावर एक बोल्ट होता. तुटलेला नाही, वाकलेलाही नाही. आपोआप फिरत फिरत निघून आलेला, आटे शाबूत असलेला बोल्ट. मामाचा चेहरा मला बघवेना.

"दाजी, ही माझी चूक हाय. मी आवळलाच न्हाई ह्यो," तो म्हणाला. त्यानं एवढंच सांगितलं. खंडेनवमी नाही, पूजा नाही, आक्का तर नाहीच नाही.

वडील रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "ठीक है" म्हणाले. फौजेतलं हिंदी त्यांच्या तोंडी आलं की आतलं दार बंद झालं असं आम्ही समजायचो. माल दुसऱ्या गाडीत भरून सांगलीला गेला आणि ट्रक दोरानं ओढत परत आटपाडीला. मी एसटीनं विश्रामबागेला आले. त्या रात्री डोळा लागला की टकटक ऐकू यायची.

दिवाळीला घरी गेले तर कुंडलच्या घरात फराळाचा वास होता आणि बोलणं नव्हतं. वडिलांनी कराडला जाऊन भंगारातून एक चांगला जुना ब्लॉक शोधून आणला होता. तो पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवला होता. तिकडचाच एक मिस्त्रीही ते शोधत होते. मामाचं नाव कुणी काढत नव्हतं. मामीचा मात्र आईला फोन यायचा. मामानं गॅरेज बंद ठेवलं होतं. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही, म्हणायचा. कुणी गिऱ्हाईक आलं तर दारातून परत पाठवायचा. टेम्पो चालवीन, पण इंजिन उघडणार नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. आईनं त्याला फोनवरच विचारलं, "भाऊबीजेला येतोस न्हवं?" तो म्हणाला, "बघू आक्का." आमच्या भाषेत 'बघू'चा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

भाऊबीजेच्या सकाळी आईनं ताट केलं. निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं मांडून उंबऱ्यात बसली. रस्त्यावर कुठली मोटारसायकल वाजली की तिची मान वळायची. असलं वाट बघणं मला सहन होत नाही. मला मामाचा रागच आला, वडिलांचाही आला. ऊन चढलं. वडील पडवीत त्या ब्लॉकवरची धूळ उगाच पुसत होते. आई उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आवं, त्यानं तुमास्नी सांगितलं न्हाई. सांगणारबी न्हाई. त्याच्या हातातला पाना मी वढून घेतला. दोन बोल्ट ऱ्हायल्यात म्हणत होता त्यो, आन् मी त्याची थट्टा क्येली."

वडिलांचं फडकं थांबलं. "मग त्यानं माझ्यापाशी तुझं नाव का घेतलं न्हाई?"

"भाऊ हाय माझा." आई म्हणाली. "आन् बोल्ट आवळायचं काम त्याचं हुतं, ह्ये त्योबी जाणतोय."

वडिलांनी ब्लॉकवर पोतं पुन्हा ओढून घेतलं. मग म्हणाले, "ताट झाकून घे. निरांजन तिथंच लावू." शेजारच्यांची पिकअप मागून आणली. माणसं लावून ब्लॉक तीत चढवला. आई पुढं मांडीवर ताट घेऊन बसली, मी मागं ब्लॉकशेजारी. कुंडलचा हिरवा ऊस संपला, मळे विरळ झाले, माळ सुरू झाला. भिवघाटात ते तेलाचे डाग अजून होते. मी डोळे मिटून घेतले.

गॅरेजचं दार वडिलांनीच लोटलं. आत अंधूक होतं, आमचा ट्रक पोट उघडं टाकून उभा होता. आणि कोपऱ्यात पाट. भिवघाटाहून परत आल्यावर मामानं सगळे पाने धुऊन, पुसून पुन्हा पाटावर मांडले होते. वर झेंडूची माळ. ती वाळून कोळ झाली होती, पाकळ्या पान्यांवर गळल्या होत्या. त्यानं हत्यारांना कायमची सुट्टी दिली होती. आईनं ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

मामा आतून आला, आम्हाला बघून दारातच अडखळला. वडील म्हणाले, "पावणं, बसा. वाट बघून आमीच आलो." मामीनं पाट दिला. मामा खाली मान घालून बसला. आईनं टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मामा खिसे चाचपू लागला. ओवाळणी द्यायला त्याच्याकडं काही तयारी नव्हती, तो कानकोंडा झाला.

"मला लुगडं नगं, काय नगं," आई म्हणाली. तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. "त्यो पाना उचल. हीच माझी ओवाळणी."

मामा हलला नाही. "माझा हात न्हाई ऱ्हायला, आक्का."

"हात हाय. मी वढला हुता त्यो पाना. आता मीच मागतीया, दे."

मामानं वडिलांकडं बघितलं. त्यांनी वाकून वाळलेली माळ हलकेच बाजूला केली आणि बाजूला सरून उभे राहिले. मग मामा उठला. मोठा पाना त्यानं दोन्ही हातांनी उचलला. पुढं तो रडला, आई रडली, वडील बाहेर जाऊन उगीचच पिकअपचं चाक बघू लागले. मी तर आधीपासूनच रडत होते.

इंजिनाचं काम होईपर्यंत आई माहेरीच राहिली. कॉलेजची सुट्टी होती तोवर मीही राहिले. कराडहून आणलेला ब्लॉक बसला, इंजिन जुळत आलं. शेवटच्या दिवशी मामा पुन्हा ट्रकखाली होता आणि त्याच्या शेजारी, पोतं अंथरून, आईही. हातात कुंकवाचा करंडा. बोल्ट पान्यानं पुरता आवळून झाला की मामा म्हणायचा, "झाला." मग आई त्यावर बोटानं कुंकू टेकवायची. कुंकू नसलेला बोल्ट म्हणजे राहिलेला बोल्ट. वडील बॅटरी धरून वाकले होते. मी पाटावर बसून त्या तिघांचे पाय बघत होते. दारातून ऊन आत आलं होतं, डिझेल आणि हळदीचा तोच वास. असं वाटत होतं की कुणी घाई केली नाही तर हा दिवस इथंच राहील.

ते कुंकू आता कधीच तेलात मिसळून गेलं असेल. पण ट्रक अजून चालतो, आणि मामाच्या गॅरेजात करंडा अजून पान्यांच्या शेजारी असतो.

त्या दुपारी मामीनं घरातून हाक मारली, "आक्का, चला की वं, ताटं वाढल्यात! सगळं गार व्हाय लागलं!"

ट्रकखालून आईचा आवाज आला.

"थांब गं. दोन बोल्ट ऱ्हायल्यात."