न खोडलेलं मांजर

बहात्तरच्या दुष्काळात तिसगावच्या पुढे रस्त्याचं काम निघालं होतं. तिथे छबूबाई आणि मी शेजारी बसून खडी फोडत होतो. ती दगड आधी तळहाताने चाचपायची, एकदा फिरवायची, मग घाव घालायची. माझा दगड चार घावांत फुटायचा, तिचा दोन घावांत. ताकद माझी जास्त होती. पण ती दगडाकडे बघायची आणि मी बघत नव्हतो.

तिचा मूळ धंदा जात्या-पाट्यांना टाकी लावण्याचा. वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती इकडून तिकडे सरकते. मग छिन्नी-हातोडीने त्यावर बारीक टोचे मारून तो पुन्हा खरखरीत करावा लागतो. ती टाकी. नवरा वारल्यावर छबूबाई हे काम एकटीने करायची. छिन्न्यांची पिशवी खांद्याला लावून गावोगाव ओरडत हिंडायची. दुष्काळात जात्यात घालायलाच काही उरलं नाही, तेव्हा ती खडीवर आली. वय पस्तीस असेल. नक्की किती ते तिलाही माहीत नव्हतं.

टाकीवालीची एक रीत असते. काम झालं की पाट्याच्या डोक्याशी एक छोटं चित्र कोरून द्यायचं. पोपट, मासा, नाहीतर फूल. बायका त्या चित्रावरून आपला पाटा ओळखतात.

त्या दिवाळीच्या आधी हायस्कुलातल्या चित्रकलेच्या सरोजिनीबाईंनी छबूबाईला घरी बोलावलं. बाई मूळच्या नगरच्या, तिसगावात खोली घेऊन राहायच्या. पाट्याला टाकी लावून झाली, तेव्हा बाई म्हणाल्या, पोपट नको, मांजर कोरा. छबूबाईने मांजर कोरलं. बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो छबूबाई, हे मांजर आहे की घोरपड?"

छबूबाईने छिन्नी खाली ठेवली. "तुमी काडून दावा."

बाईंनी कागद-पेन्सिल घेतली आणि पाच-सात मिनिटांत बसलेलं मांजर काढलं. छबूबाईने कागद बराच वेळ हातात धरला.

"हे मला शिकवा. टाकीचं काय देऊ नका."

"अहो, याला वर्षं लागतात."

"टाकी शिकायला मला सात लागली. मी म्हनलं का, लई हायेत म्हून?"

हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी खडीवर सांगितलं. मी म्हणालो, "छबूबाई, दिवसभर हातोडा मारल्यावर हात थरथरतो. त्यात पेन्सिल कशी धरशील?"

"हात माजा हाय. थरथरू नको म्हनलं की थरथरायचा न्हाई."

शिकणं असं चाललं. काम सुटलं की ती बाईंच्या ओट्यावर जायची आणि उजेड असेपर्यंत बसायची. रविवारी सकाळभर. कागद म्हणजे जुन्या उत्तरपत्रिका, एका बाजूने कोऱ्या. पेन्सिल बाईंनी दिली. टोक ती दगडावर घासून काढायची.

मांजर आमच्या कामावरच होतं. मजुरांना वाटायच्या सुकडीच्या पिठाची पोती जिथे ठेवत, त्या खोपटात उंदीर फार. म्हणून ते तिथे राहिलं. पांढरं, पाठीवर दोन काळे ठिपके, डावा कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. लोकांनी त्याचं नाव सुकडीच ठेवलं होतं. दुपारच्या सुट्टीत छबूबाई अर्धी भाकरी घाईने खायची आणि उरलेला वेळ त्याच्यासमोर बसायची.

"काय छबूबाई, सून करून घेती का हिला?" बाया विचारायच्या. "पोरगी बघायला आल्यावानी बसलीस!"

"बघाया आल्यावर तरी बघता का तुमी?" छबूबाई म्हणायची. "नुसतं पोहं खाऊन जाता."

पहिली चूक तिने अशी केली की बाईंनाही आधी कळेना. काळ्या दगडावर छिन्नी मारली की तिथे पांढरं उमटतं. वीस वर्षं तिच्या हाताला तेच ठाऊक. म्हणून मांजर जिथे पांढरं, तिथे तिने पेन्सिलीचे घाव दाट घातले आणि काळे ठिपके कोरे ठेवले. कागदावर सगळं उलटं आलं. काळं मांजर, पाठीवर दोन पांढरे डाग. बाईंनी सांगितल्यावर ती आपल्या हाताकडेच रागाने बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजे हितं घाव घालायचा न्हाई, तितं उजेड. बरं." एवढं एक वाक्य हातात उतरायला तिला सहा कागद लागले.

बाईंनी तिला रबर दिलं होतं. ते तिने परत केलं. दगडावर मारलेला टोचा परत भरता येत नाही, त्यामुळे खोडणं तिला पटेना. रेघ चुकली तर ती तशीच ठेवायची आणि शेजारी बरोबर रेघ काढायची. चुकलेली रेघ केसांत, सावलीत कुठेतरी मिसळून जायची, पण नीट पाहिलं तर दिसायची.

मी एकदा म्हणालो, "पुसायला लाज कसली?"

"पुसली तर उद्या परत तीच काडीन. दिसत ऱ्हायली की हात वळणावर येतो."

हे मला पटलं. मी पुढे गँगमन झालो आणि तीस वर्षं रस्ते दुरुस्त केले. ज्या खड्ड्यावर माझी चूक झाली, तो खड्डा मी विसरलो नाही.

फेब्रुवारीपर्यंत अंग जमलं. त्यासाठी तिने मांजर पकडून चाचपलं, बाजारात शेळी घेताना पाठ आणि खुबे दाबून बघतात तसं. हाताला रक्त आलं, पण मांजर बसलं की खुब्याचं हाड कुठे जातं ते कळलं. तोंड मात्र जमेना. प्रत्येक वेळी मांजराने घोंगडी पांघरल्यासारखं दिसायचं. दहा-बारा कागद असे गेले. एका दुपारी ती खोपटाशी बसली होती, तिथून एकदम ओरडली.

"मच्छिंद्र! आरं, हिला नाकापासून टाकी हाय!"

लोक हसले. मला मात्र ती काय म्हणते ते कळलं. जात्याला टाकी मधल्या भोकापासून कडेकडे मारतात, कारण पीठ तसं बाहेर जातं. मांजराचे केस नाकाशी सुरू होतात. तिथून कपाळावर, गालांवर, कानांकडे बाहेर पसरत जातात. तिने त्या संध्याकाळी नाकापासून सुरुवात केली आणि तोंड आलं.

सदतिसाव्या कागदावर सुकडी बसली. फाटका कान, बरगड्या, कुणी जवळ आलं तर पळायच्या तयारीने उचललेला पुढचा पाय. मी तो कागद हातात घेतला आणि नकळत जपून धरला.

एक मेला शाळेचा निकाल असतो, सगळा गाव येतो. त्या दिवशी सरोजिनीबाईंनी एका वर्गात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यात गावकऱ्यांसाठी एक दोरी वेगळी ठेवली होती. त्या दोरीवर छबूबाईचं मांजर लागलं. ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. मीही गेलो.

ती चित्रासमोर थांबली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मला काही कळेना. तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब आले. त्यांचं कापडाचं दुकान, वाडीला चांगली बागायत, गावात शब्दाला वजन. त्यांनी चित्राला नाक लावून पाहिलं.

"हे कोणी काढलं?"

"छबूबाईंनी," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"टाकीवाल्या?" काकासाहेब हसले. "बाई, तुम्ही भोळ्या आहात. आमच्या माजघरात मांजराचं कॅलेंडर आहे. संक्रांतीला ही पाट्याला टाकी लावायला आली होती. कागद ठेवून गिरवलं असणार. बघा ना, रेघ कशी एका दमात आहे! कुठं अडखळली नाही, कुठं चुकली नाही. असं गिरवल्याशिवाय येतं का?" आणि शिपायाला म्हणाले, "काढ रे ते. पोरांसमोर चोरीचा माल नको."

तोवर पाचपन्नास माणसं जमली होती. छबूबाईने शिपायाचा हात धरला.

"थांब." मग काकासाहेबांकडे वळली. "तुमच्या क्यालेंडरातल्या मांजराचा कान फाटलाय का?"

"कान तू मागून फाडला असशील."

"आन् बरगड्या?"

"छबे, वाद घालू नको. चुकली म्हण, मोकळी हो. कोणी काही म्हणणार नाही."

तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग सरोजिनीबाईंना म्हणाली, "बाई, माजं चुकलेलं कुटं गेलं?"

बाईंचा चेहरा उतरला. "मी पुसलं," त्या म्हणाल्या. "काल रात्री. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

मग मला तिची आठी कळली. कानाजवळ एक चुकलेली रेघ होती, पाठीला दोन होत्या, पुढच्या पायाला तर तीन. गिरवणाऱ्याकडून असं चुकत नाही. तो तिचा पुरावा होता आणि बाईंनी तो चांगल्या मनाने रबराने घासून टाकला होता.

बाईंनी काकासाहेबांना हे सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तुमची शिष्या, तुम्ही सांगणारच."

छबूबाईने पदर खोचला. "मला कागद द्या. आन् मच्छिंद्र, सुकडीला घिऊन ये."

काम तिथून मैलभर. मी धावत गेलो. मांजर पोत्यात घालायला किती वेळ लागतो ते ज्याने घातलंय त्यालाच विचारावं. येईपर्यंत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. वर्गात अजून जास्त माणसं जमली होती. छबूबाई जमिनीवर मांडी घालून बसली होती, पुढे पाटी, पाटीवर कागद. काकासाहेब खुर्चीवर.

मी पोत्याचं तोंड सोडलं. सुकडी बाहेर पडली, काकासाहेबांच्या धोतरावरून उडी मारून थेट कपाटाखाली गेली. तोंड भिंतीकडे केलं आणि बसली. बाहेर दिसत होती ती तिची पाठ, मागचे खुबे, शेपूट आणि एक कान.

लोक हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "छबूबाई, मांजरीनं तुलाच पाठ दावली गं!"

"तिला वडून काडू का?" मी विचारलं.

"नगं. बसली ती बरी बसली."

ती चित्र काढायला लागली. हसणं थोडा वेळ चाललं, मग कमी झालं. पहिली पाठीची रेघ चुकली. तिने दुसरी काढली. ती किंचित आत आली. तिसरी बसली. आता बोलणं बंद झालं, कारण लोकांना ते समोर दिसत होतं. खुबा वर आला. दोन काळे ठिपके आले, त्यांतले केस शेपटीकडे झुकलेले. फाटक्या कानाच्या कडेने उजेड ठेवला. तिचा हात थरथरत नव्हता. मी मुद्दाम पाहिलं. तो आठवडाभर आम्ही रोज सकाळी सातपासून खडी फोडत होतो.

अर्ध्या तासाने तिने कागद उचलला आणि काकासाहेबांसमोर धरला.

"क्यालेंडरात मांजराचं ढुंगन कोन छापतं का, काकासाहेब?"

आख्खा वर्ग हसला. काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला, वाकून कपाटाखाली पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. पाठीच्या तिन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"बरं," ते म्हणाले. "हात आहे तुझ्याकडे. लावा तिचं चित्र परत."

"चोरीचा माल म्हनलात."

"म्हणालो. चुकलं माझं."

"मग ते ऱ्हाऊ द्या," छबूबाई म्हणाली. "ते बाईंनी धुतलंय. हे लावा."

सरोजिनीबाईंनी चित्राचं टोक नीट करायला हात पुढे केला आणि पाठीच्या जादा रेघांपाशी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी हातातलं रबर कपाटावर ठेवलं आणि दोन टाचण्यांनी कागद दोरीला लावला. निकाल वाचायला काकासाहेबांची खुर्ची त्या दोरीसमोरच मांडलेली होती. तासभर मांजर त्यांना पाठ करून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी छबूबाई सातला खडीवर हजर होती.

दोन पावसाळे झाल्यावर लोकांच्या जात्यात पुन्हा धान्य पडायला लागलं. तिचा टाकीचा धंदा सुरू झाला. सरोजिनीबाईंचा पाटाही तोवर गुळगुळीत झाला होता. बाई म्हणाल्या, ते जुनं घोरपडीसारखं आहे ते ठोकून काढून टाका आणि त्या जागी नीट मांजर कोरा.

छबूबाईने घोरपड तशीच ठेवली आणि तिच्या शेजारी मांजर कोरलं.