सतरा नंबरच्या घरातलं दुसरं मत

आत्माराम केळसकरला फॉर्म भरण्याचा भारी अभिमान. पुण्यात असताना त्याने जिल्ह्यातली निम्मी गावं पालथी घालून कुटुंबांची पाहणी केलेली. पद्धत ठरलेली: ओसरीवर बसायचं, घरच्या कर्त्या पुरुषाला विचारायचं आणि आतल्या बायकांचे रकानेही त्याच्याच तोंडून भरून टाकायचे. त्यांना हाक मारायची कशाला, उगीच!

हीच अक्कल घेऊन हा शहाणा १९६४ साली जर्मनीत, ब्योब्लिंगेनजवळच्या अमेरिकन वसाहतीत शिरला. तिथली माणसं लष्करातली नव्हेत, छावणीलगतच्या शाळेत नि कचेऱ्यांत नोकरी करणारी. एकोणतीस घरं, एकोणतीस जोडपी. नोव्हेंबरात त्यांच्या देशात निवडणूक होती आणि मतपत्रिका टपालाने जायच्या होत्या. कोणाचा कल कुठल्या पक्षाकडे आणि प्रत्यक्ष मत किती जण देतात, हे मोजायचं काम तिथल्या विद्यापीठातल्या त्याच्या प्रोफेसरांनी आत्मारामवर टाकलं होतं. त्यावरच त्याचं स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, पुढे चालणार होतं. नाहीतर डॉक्टरेट अर्धी टाकून तो आणि त्याची बायको वसुधा, दोघांनी गाशा गुंडाळायचा.

प्रोफेसरांनी त्याने भरून आणलेले तक्ते पाहिले आणि चष्मा काढला.

"एकोणतीस घरं, आणि एकाही घरात नवराबायकोचं मत वेगळं नाही? केळसकर, बायकांना विचारलंत का?"

"नवऱ्यांना विचारलं," आत्माराम पुटपुटला.

"तर मग पुन्हा जा. बुधवारपर्यंत. बायकांना एकट्यांना विचारा. आणि नीट ऐका, वसाहतीने आपल्याला मेहेरबानी म्हणून आत घेतलंय. एक जरी तक्रार आली, तरी मी तुमच्या स्टिपेंडियमवर सही करणार नाही."

झालं! बिचारा पुन्हा दारोदार. बुधवारी सकाळपर्यंत अठ्ठावीस घरं झाली, आणि त्यातल्या सात बायकांनी नवऱ्याहून वेगळं सांगितलं. सात! आजवर भरलेल्या हजारो फॉर्मांची त्याला लाज वाटायला लागली.

साडेअकराला त्याने सतरा नंबरची बेल वाजवली. मिस्टर हॅगनच्या सांगण्यानुसार तिथे दोघंही रिपब्लिकन होते आणि दोघांचीही मतं टपालाने गेली होती. मिसेस हॅगननी प्रश्न ऐकला. त्या आत गेल्या आणि एक चिकटवलेलं पाकीट घेऊन आल्या.

"हे माझं मत. डेमोक्रॅटांना. टाकायला नवऱ्याकडे दिलं होतं. आज सकाळी त्याच्या जुन्या कोटात सापडलं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "टपालाची पिशवी बाराला बंद होते. आजची चुकली की संपलं. तो आता जेवायला येईल, मला जाऊ देणार नाही. तुम्ही टाकाल?"

आत्मारामचा हात पुढे झाला आणि तसाच थांबला. मोजणाऱ्यानेच मत पोचवलं, तर ती मोजणी कसली?

"मला नाही टाकता येणार," तो म्हणाला. बोलताना त्याचा जीव तुटत होता. "पण तुम्ही जा. आत्ताच निघा."

त्यांनी कोट चढवला तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मिस्टर हॅगन आत आला, पाकीट पाहिलं आणि दारातच उभा राहिला, चौकटीला हात लावून.

"तुला मी सगळं सांगितलं होतं," तो आत्मारामला म्हणाला. "मग इथे काय करतोयस?"

आत्मारामची पाचावर धारण बसली. माफी मागावी, कागद गुंडाळावेत, पळावं! बायको, खोली, डॉक्टरेट, सगळं त्या एका माणसाच्या तक्रारीवर लटकलेलं. घड्याळात पावणेबारा झाले होते. त्याने पेन उघडलं आणि मोठ्याने विचारलं, "मिसेस हॅगन, तुम्ही मत दिलंत का?"

"देतेय," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडल्या. एका परक्या माणसासमोर बायकोचा दंड धरायची हॅगनला लाज वाटली असावी. तो जागचा हलला नाही.

हॅगनची तक्रार दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोफेसरांच्या टेबलावर होती.

"सतरा नंबरचा जुना आकडा परत घाला," प्रोफेसर शांतपणे म्हणाले. "गैरसमज झाला होता, असं मी कळवतो आणि सही करतो. एका आकड्याने काय बिघडतं?"

खरंच, काय बिघडतं? आत्मारामने तक्ता ओढून घेतला.

"नाही, प्रोफेसर. तो आकडा त्यांच्या नवऱ्याचा होता."

सही झाली नाही.

घरी येऊन त्याने वसुधाला एका दमात सगळं सांगितलं. ती तडकलीच.

"अहो, कोण कुठली ती बाई! तिच्या एका मतापायी दोन वर्षांवर पाणी सोडलंत? आईंना काय सांगणार आहात आता?"

एकाएकी आत्मारामने विचारलं, "वसुधा, बासष्टच्या निवडणुकीत शिक्का कुठे मारायचा, ते मी तुला विचारलं होतं?"

"विचारलं कुठे? सांगितलं होतंत. अगदी केंद्राच्या दारापर्यंत."

"मग?"

तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती त्याच्याकडे बघायचं टाळू लागली.

"मी दुसरीकडे मारला," ती म्हणाली.