हात थांबला पाहिजे

निपाणीत आमच्या गल्लीतल्या बायका दुपारभर सोप्यात बसून विड्या वळायच्या. नवा सिनेमा लागला की त्या मला एकटीला टॉकीजला धाडायच्या आणि माझ्या वाटणीच्या विड्या स्वतः वळून ठेवायच्या. बदल्यात मी दुसऱ्या दिवशी त्यांना सगळा सिनेमा सांगायचा, असं ठरलेलं. त्यामुळं सिनेमा कशानं चालतो, हे मला कुणी शिकवू नये.

ऐंशीच्या सुमारास एक परदेशी सिनेमा हिंदीत बोलत आला. त्यातला माणूस उडायचा, आगगाडी उचलायचा. मी हात पसरून उडून दाखवलं, पण मांडीवरच्या तंबाखूच्या सुपावरून कुणी नजर काढली नाही.

शेजारची आक्का म्हणाली, "उडतोय तर उडू दे की गं. आदी कसा हुता, त्ये सांग."

मग मी सुरुवातीचं सांगितलं. हा गिरणीतला किरकोळ पोरगा. पोतं उचलता येत नाही म्हणून सगळे त्याला हसायचे. ताकद आली त्या दिवशी घरी येऊन त्यानं आईच्या हातातली पाण्याची बादली घेतली, तर बादली कागदासारखी चुरगळली. आई घाबरून मागं सरकली.

सगळ्यांचे हात थांबले.

"मग आता आईच्या पाया कसं पडायचं त्यानं?" आक्कानं विचारलं.

हल्ली बेळगावात नातवंडं मला असले सिनेमे दाखवायला नेतात. ती पडद्याकडं बघतात, मी शेजारच्यांच्या पॉपकॉर्नकडं. खाता खाता हात थांबला, तर सिनेमा चालला. नाही थांबला, तर उडतोय तर उडू दे की.