जागृत ठिकाण आणि चपलांची रांग

आता काय सांगू तुम्हाला, पोटच्या पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायला मी स्वतःच निघालो होतो! तेही पायी!

झालं असं, की प्राजक्ताला बघायला साताऱ्याची मंडळी वाशीला आमच्याकडे उतरली होती. मुलामुलीची पसंती झालेली. फक्त मुलाचे वडील, आप्पा, काही केल्या ‘हो’ म्हणेनात. वर चहा पिताना म्हणाले, “तुमची नवी मुंबई म्हंजे नुसत्या बिल्डिंगा.”

मला लागलं ना ते! “उद्या उरणला चला. जुनी वस्ती पायी फिरवतो. कोपरा न् कोपरा पाठ आहे!”

बायकोने डोळे वटारले. कारण उरणला मी गेलो होतो एकदाच, एका बारशाला. जेवलो आणि परत आलो.

सकाळी सगळे गाडीने उरणला पोचलो आणि पायी निघालो. कोळीवाडा, देऊळ, पुढे मशीद, सगळं कसं शेजारी शेजारी. आप्पा हात मागे बांधून बघत होते आणि माझं तोंड चालू होतं. एका गल्लीत जुनी दगडी इमारत लागली. दार बंद, आणि दारासमोर चपलांची लांबलचक रांग!

“हे काय म्हनायचं?” आप्पांनी विचारलं.

‘माहीत नाही’ म्हणायला माझं काय जात होतं? पण नाही! “फार जागृत ठिकाण! सगळ्या जातिधर्माची माणसं येतात. चपला काढा!”

सगळ्यांच्या चपला मी थेट दाराशी नेऊन ठेवल्या आणि डोळे मिटून हात जोडले.

“ओ काका! चपला उचला आदी!”

समोरच्या सावलीतून एक कोळीण मावशी तरातरा आली. मागून दाढीवाले चाचा आणि बरीच माणसं.

“मावशी, दर्शन घेतो आणि लगेच...”

“कसला दर्शन? रेशनचा दुकान हाय ह्यो! आमी सकालपासून चपला लावून नंबर धरलाय, नि तुमी डायरेक पुढं?”

“राहू दे गं,” चाचा शांतपणे म्हणाले. “अंगठ्याची मशीन बंद हाय कवापासून. यांनी हात जोडून चालू झाली तर बरंच!”

सगळी गल्ली हसली. बायको भिंतीकडे तोंड करून उभी. चपला घालून आप्पा तडक गाडीकडे निघाले. मी मागोमाग धावलो. गेलं हो स्थळ!

गाडीपाशी आप्पा थांबले. “ठरलं. पोरगी आमची झाली.”

“अहो, पण... हे सगळं बघूनसुद्धा?”

“बघूनच की! जल्मापास्नं तुमच्यासंगं ऱ्हायलीय ती. आता आमच्यात काय, कुठंबी नांदंल!”