मुग्धा पाटीलला आधी बंद करा

"सून गुणाची हाय गो, पण दिवसभर त्या काळ्या पडद्याशी बोलते. आमच्याशी बोलायला हिला काय जकात पडते?"

हे आमच्या आत्या म्हणाल्या, सासूबाईंना, स्वयंपाकघरात. मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होते आणि मधे फक्त एक जाळीची खिडकी. आता असलं काही कानावर पडलं तर शहाण्या माणसाने काय करावं? पुढचा टॉवेल झटकावा आणि गप्प बसावं. एरवी मी तेच करते. त्या दिवशी नाही केलं, आणि तिथून माझी जी शोभा झाली, ती आता बोईसरच्या ऑफिसपासून सातपाटीच्या मासळी बाजारापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. तुम्हीच राहिला होतात.

आधी त्या काळ्या पडद्याचं सांगते. मी बोईसरच्या एका छोट्या कंपनीत आहे, काम बहुतेक घरूनच. तारापूरच्या कारखान्यांत पिंपं भरायची मशिनं असतात, पिंपातल्या मालाचं वजन सांभाळणारा त्यांचा प्रोग्राम आम्ही लिहितो. त्यात सुधारणा झाली की नवी फाइल कारखान्याला जाते, पण जाण्याआधी तिच्यावर माझी सही लागते. पेनाची नव्हे. टर्मिनल उघडायचं, म्हणजे तोच काळा पडदा, आणि एक ओळ टाइप करायची. माझ्या नावाच्या गुप्त किल्लीने, म्हणजे लॅपटॉपमधल्या एका छोट्या फाइलने, सही होते. त्या किल्लीची जोडकिल्ली कारखान्याकडे दिलेली असते. तेही एक ओळ टाइप करतात आणि पडदा सांगतो की सही खरी, फाइल जशीच्या तशी. मधे कुणी एक टिंब जरी हलवलं तरी पडदा ओरडतो. आणि सही पटली नाही तर मशीन बंद, खरी सही येईपर्यंत पिंप भरायचं नाही, असा नियम आहे. नियम कोणाचा? माझाच. मोठ्या मीटिंगमध्ये मांडला होता, टाळ्यासुद्धा मिळाल्या होत्या.

तर कपडे टाकून मी आत आले आणि आत्यांना म्हटलं, या, मी काय करते ते दाखवते. आत्या म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण, दिली सातपाटीला, पण हुकूम अजून माहेरी चालतो. त्या चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांच्या चिंबोरीच्या कालवणाची कृती टाइप केली, तिच्यावर सही केली, मग गुपचूप त्यात नारळ वाढवला आणि तपासून दाखवलं. पडदा म्हणाला, सही खोटी. आत्यांना इतकं आवडलं की काय विचारता. हे माझ्या जावेला पाठव, म्हणाल्या, ती मेली भारंभार नारळ घालते आणि माझं नाव सांगते.

मग त्यांना पडद्यावर सही करणारीचं नाव दिसलं. स्नेहल पाटील. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

मीच की. पण लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं, मुग्धा, आणि ते आत्यांनी निवडलं होतं. त्यानंतर त्या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही. सासूबाई 'अगो' म्हणतात, सासरे 'सूनबाई', आणि हे स्नेहलच. आडनावाचा तर प्रश्नच नाही. मासवणची पाटील होते, इथेही पाटीलच. आत्यांचा चेहरा पडलेला बघून मी काय केलं? मुग्धा पाटील नावाची एक नवी किल्ली बनवली आणि नेहमीची सही तिचीच व्हावी असं लावून ठेवलं. आत्या खूश होऊन सातपाटीला गेल्या. मी लॅपटॉप मिटला आणि विसरले. म्हणजे पार विसरले.

महिना उलटला. नवी फाइल तयार झाली, मी नेहमीची ओळ टाइप केली, फाइल कारखान्याला पाठवली. आत्या सकाळीच ताजे बोंबील घेऊन आल्या होत्या, आत स्वयंपाकघरात त्या आणि सासूबाई ते साफ करायला बसलेल्या. तेवढ्यात कारखान्याच्या तिवारीजींचा फोन.

"मॅडम, ये साइन आपका नहीं है. किसका है?"

सांगते ते खरं मानाल का? मला आनंद झाला. नियम करून इतके दिवस झाले, चोर काही येईना, आज आला. मी तिवारीजींना म्हटलं, फाइलला हात लावू नका, मशीन बंद करा. आमच्या ऑफिसच्या सावे सरांना फोनवर घेतलं, स्पीकर चालू केला आणि स्वतः सही तपासली. पडद्याने स्वच्छ सांगितलं: सही खरी, सही करणारी मुग्धा पाटील.

आणि देवाशपथ सांगते, मी ते नाव वाचलं आणि मला काहीच आठवलं नाही. आमच्या ऑफिसात दगड भिरकावला तर पाटलाला लागतो. मला वाटलं, असेल कोणी त्यातलीच.

"सर, कोणी मुग्धा पाटील आहे," मी म्हटलं. त्या घरात माझा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच निघाला असेल. "तिला आधी बंद करा. सगळीकडून बंद करा."

सावे सर घाबरले. त्यांनी अकाउंट्समधल्या पाटीलबाईंना केबिनमध्ये बोलावलं, त्या बिचाऱ्या आपलं नाव सुनंदा आहे म्हणून कुलदैवताची शपथ घेऊ लागल्या. तिकडे कारखान्यात पिंपं रिकामी, फाटकाबाहेर ट्रक उभे, तिवारीजींचे साहेब ओरडतायत, आणि पुढच्या वर्षीचं काम आम्हाला द्यायचं की नाही ते हेच साहेब ठरवणार. मला मात्र कंठ फुटला होता. म्हटलं, सर, ही बाई धीट आहे पण डोक्याने कमी. चोरी करताना स्वतःचं नाव कोण लिहितं? असलीला आत घेतलंच कोणी?

स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला.

मी मान वळवली. दारात आत्या उभ्या, हाताला बोंबलाचा चिकटा, डोळे भरलेले. मागे सासूबाई.

"नाव नव्हतं आवडलं तर मला सांगायचं होतंस, बाय," आत्या हळू म्हणाल्या. "असं सायबाला सांगून बंद करायला लावतात काय? आणि घरात घेतली कोणी म्हणून इचारतेस? आमीच घेतली ना."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दिवा लागला. ती किल्ली मीच बनवून विसरले होते.

मी जुनी किल्ली पुन्हा लावली, फाइलवर स्नेहलची सही केली, पाठवली. तिवारीजी म्हणाले, अब सही है, चालू करता हूँ. पिंपं भरायला लागली. मला वाटलं सुटले. पण सावे सर सोडतात होय? अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, ते ठीक आहे, पण ती मुग्धा पाटील कोण, ते कळल्याशिवाय आज कोणी घरी जाणार नाही.

फोनमध्ये ऑफिस गप्प. दारात आत्या आणि सासूबाई गप्प. माझी नेहमीची गप्प बसायची जागा इतरांनीच अडवली होती. शेवटी मी आत्यांकडे बघत फोनमध्ये म्हटलं,

"सर, मुग्धा पाटील म्हणजे मीच. तिला बंद नका करू. इथे घरात सगळ्यांना ती पसंत आहे. फक्त माझीच तिच्याशी अजून ओळख झाली नव्हती."