आतोबांचं मिग

लोहारा तालुक्यात आभाळाकडं बघून पावसाचा विचार न करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे आतोबा. आत्याचे हे यजमान हवाई दलात लढाऊ विमानांचे मेकॅनिक होते. निवृत्त होऊन सास्तूरला परतले, शेतीत रमले. पण वरून विमानाचा आवाज आला की भरल्या ताटावरून उठून अंगणात जायचे आणि तो पुरता विरेपर्यंत परत यायचे नाहीत. मोटारसायकलला किक मारण्याआधी तिला प्रदक्षिणा घालून एकेक नट ओढून बघायचे. एकदा माकणीला भाचीच्या साखरपुड्याला निघाले, तर ही तपासणी इतकी रंगली की आत्याला घेऊन ते पोचले तेव्हा मंडळी जेवून हात धूत होती. आत्या धुसफुसत राहिली. आतोबा शांतपणे म्हणाले, "जमिनीवर उशीर झालेला बरा. वर गेल्यावर थांबता येत न्हाय."

मग एक दिवस टीव्हीवर बातमी आली, मिग-२१ विमानं सेवेतून निवृत्त झाली. ज्यांच्यामागं तारुण्य घातलं ती विमानं शेवटची उतरताना पाहून आतोबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापायला घेतला. त्याच्या पत्र्याचे पंख झाले, पाण्याच्या बाटलीतून वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण निघालं, आणि आत्याची चहाची गाळणी शेपटाकडच्या धुराड्यात कायमची गडप झाली. आत्या कितीतरी दिवस फडक्यानं चहा गाळत होती. पण तिनं गाळणी परत मागितली नाही.

विमान पुरं झालं तेव्हा मी तिथंच मुक्कामाला होतो. करडा रंग ओसरीवर वाळत होता. मी विचारलं, "आतोबा, तुम्ही कधी उडालात का हो यातनं?"

"एकट्याचं विमान ते," आतोबा म्हणाले. "मी पायलटचे पट्टे आवळायचो, शिडी काढायचो, सलाम ठोकायचो. मग ते परत येईस्तोवर चहा घशाखाली उतरायचा न्हाय."

शेजारी तूरडाळ निवडत बसलेली आत्या मान वर न करता म्हणाली, "म्या बी हितं तशीच वाट बघत व्हते की. ऐन उमेदीची वर्सं तुमी तिकडं, म्या हिकडं."

 मग डाळीतला खडा बाजूला टाकत तिनं विचारलं, "दोघांचं नसतंय का वो असलं इमान?"

"असतंय. नव्या पायलटला शिकवायचं. त्याला मागं एक सीट असती."

दुसऱ्या दिवशी मी निघालो, तर आतोबांनी ते देखणं विमान पाठीवर सरळ कापलेलं! सळई तापवून ते मागच्या सीटचा पत्रा कथलाचा डाग देऊन सांधत होते आणि आत्या कौतुकानं बघत बसली होती.

"मागनं पुढचं लई दिसत न्हाय बरं," त्यांनी तिला बजावलं.

"चालतंय," आत्या म्हणाली. "तुमी दिसताव न्हवं?"

हातातली सळई थंड होईपर्यंत आतोबा तिच्याकडं नुसते पाहत राहिले.